पाहिजे आणि चालेल

ग्वेन प्रिचर्डचं ठाम मत होतं, की जगातली निम्मी भांडणं दोन शब्द नीट वाचले तर मिटतील: एक 'पाहिजे' आणि दुसरा 'चालेल'. विजेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्या गाडीत पुढच्या सीटवर असायचं आणि नवऱ्याला मागे बसावं लागायचं. त्या पुस्तकात जिथे 'केलंच पाहिजे' लिहिलंय, तिथे ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सूट नाही. जिथे 'करण्यास परवानगी आहे' लिहिलंय, तिथे करा किंवा करू नका, कुणी डोळे वटारायचं कारण नाही. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही याचा तिला मनापासून संताप यायचा.

हिवाळ्यात ती तालुक्याच्या शाळेत शिकाऊ वायरमनांचा संध्याकाळचा वर्ग घेई. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ असायची: 'थँक्सगिव्हिंगला टर्की पाहिजे, क्रॅनबेरीचा सॉस चालेल.' दरवर्षी कुणीतरी हात वर करून म्हणायचंच, "बाई, आमच्याकडे सॉस पाहिजेच असतो." यावर ग्वेनचं उत्तर ठरलेलं. "ती तुझ्या आजीची सक्ती आहे. नियमाची नाही. आजी आणि नियम यांत गल्लत करशील तर जन्मभर गिऱ्हाइकाचे पैसे जाळशील."

तर अशा या ग्वेनच्या पुढ्यात त्या ऑक्टोबरमध्ये ग्रेंजचा हॉल आला. मोहॉक नदीच्या वरच्या अंगाला बेथेल हिल नावाचं आमचं गाव आहे. गाव कसलं, एक चढ, एक चर्च, दुधाच्या गाई आणि शेतकरी मंडळाचा, म्हणजे ग्रेंजचा, हा लाकडी हॉल. ग्वेनच्या वडिलांची, एमरिसची, नव्वदी शनिवारी याच हॉलमध्ये साजरी व्हायची होती. कोळशावरचं चिकन, मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे, त्यावर लोण्याची धार, आणि मग नाच. एमरिसला बाकी कशाची हौस नव्हती. त्याला त्या भिंतीसमोर नाचायचं होतं.

भिंत म्हणजे हॉलची मागची भिंत. ती ग्वेनच्या आईने, ओल्वेनने, एका हिवाळ्यात रंगवली होती. खोऱ्यातले सगळे गोठे, सगळी कुरणं आणि गाई. उगाच काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या गाई नव्हेत, खऱ्या. ज्याची गाय त्याने लांबून ओळखावी अशा. आमच्याकडे गोठ्यात प्रत्येक गाईच्या डोक्याच्या वर तिच्या नावाची पाटी असते. ओल्वेनला नुसत्या नावावर समाधान नसे. ती नावाखाली स्वभावही लिहायची. 'बेट्सी. टोपी खाते.' 'मर्टल. शेपटी डोळ्यात मारते.' एमरिस म्हणायचा, "अगं, ही गाईंची बदनामी आहे." पण नवा गडी कामावर आला की आधी पाट्या वाचायचा आणि मनातल्या मनात ओल्वेनचे आभार मानायचा. भिंतीवरही तिने त्या पाट्या तशाच उतरवल्या होत्या. मधोमध एमरिसचा लाल गोठा होता आणि त्याच्या दारात डेलिया उभी होती, खोऱ्यातली सगळ्यात देखणी गाय. पाटीवर लिहिलेलं: 'डेलिया. डावीकडून लाथ मारते.' गंमत अशी, की गोठ्याचं दार जिथे यायचं होतं नेमकं तिथेच भिंतीत विजेचं सॉकेट होतं. ओल्वेनने त्याची प्लेटच दार म्हणून रंगवून टाकली, कडीकोयंड्यासकट.

नाचताना या भिंतीजवळून जायची वेळ आली, की एमरिस ओल्वेनला हळूच दुसऱ्या बाजूला घ्यायचा. डेलियाच्या डाव्या अंगाला म्हणून जायचं नाही. सगळा हॉल हसायचा. ओल्वेन जाऊन आता सहा हिवाळे झाले होते आणि तेव्हापासून एमरिस नाचला नव्हता. नव्वदीला नाचेन, असं त्याचं त्यानेच जाहीर केलं होतं. ग्वेनला ते ऐकून इतका आनंद झाला होता की तिने त्याच दिवशी बँड ठरवला.

पण हॉलची सॉकेटं जुनी, खिळखिळी झालेली. प्लग लावला की लोंबायचा. मंडळाने ठरवलं, ती बदलायची आणि इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय हॉल उघडायचा नाही. काम अर्थातच ग्वेनकडे आलं. इन्स्पेक्टर मात्र नवा होता. कॅसिमिर दुदेक, खाली शहरातला, उंच, जाड मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. मंगळवारी तो आला, दोन सॉकेटं उघडून बघितली आणि म्हणाला, "दोनच तारा आहेत. अर्थिंग नाही."

"जुनी वायरिंग आहे साहेब. तेव्हा तिसरी तार कुणी टाकतच नव्हतं."

"मग आता टाका. सगळ्या सॉकेटांना अर्थिंग पाहिजे. भिंती उघडाव्या लागतील."

"ही भिंतसुद्धा?"

दुदेकने भिंतीकडे नीट पाहिलंही नाही. तो वहीत लिहीत होता. "सगळ्याच. शनिवारपर्यंत होणार नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला."

"नव्वदीच्या माणसाला पुढे कसं ढकलायचं, तेही सांगून जा," ग्वेन म्हणाली. पण तोवर त्याची गाडी सुरू झाली होती.

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. ग्वेन तापली, आणि तापली की तिचं डोकं छान चालायचं. पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नाही, हे तिला झोपेतही माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळी अग्निशामक दलाच्या शेडमध्ये दर आठवड्यासारखी तळलेल्या हॅडॉक माशाची पंगत होती. दुदेक कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच खात बसला होता. ग्वेनने पुस्तक त्याच्या ताटाशेजारी आपटलं. लिंबाची फोड उडून खाली पडली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"'पाहिजे' कुठे लिहिलंय ते दाखवा. मी बसलेय."

आसपासच्या टेबलांवरचे काटे थांबले. आमच्या गावात भांडण फुकट असेल तर मासा थंड झाला तरी चालतो. दुदेकने शांतपणे बोटं पुसली, चष्मा लावला, पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. "जुनं सॉकेट बदलताना पेटीत अर्थिंगची सोय असेल, तर तीन भोकांचं सॉकेट लावलंच पाहिजे."

"असेल तर! इथे आहे?"

"नाही."

"मग त्याच्या खालचं वाचा."

"सोय नसेल, तर पुढीलपैकी कोणतंही सॉकेट लावण्यास परवानगी आहे." तो थांबला. मिशीच्या आत ओठ हलवत त्याने यादी मनात वाचली. पुन्हा एकदा वाचली. जुन्याच्या जागी तसंच दोन भोकांचं चालेल. वीज गळाली की आपण होऊन बंद पडणारं सॉकेट चालेल. तसं एक सुरुवातीला बसवून त्याच्या पुढची सगळी तीन भोकांची केली तरी चालेल. "तार ओढलेली बरी, पण," तो म्हणाला.

"बरी ना! मी कुठे वाईट म्हणते? पण बरं म्हणजे पाहिजे नव्हे. या माशाबरोबर कोबीची कोशिंबीर बरी लागते. नसली तर तुम्ही मासा परत पाठवता का?"

दुदेकने ताटातल्या कोशिंबिरीकडे पाहिलं. "पाठवतो," तो गंभीरपणे म्हणाला.

शेडमध्ये हशा पिकला. ग्वेनलाही हसू आवरेना आणि त्यामुळे तिला आणखी राग आला. पण दुदेक पुढे म्हणाला, "तो माझा स्वभाव झाला. नियम नाही. तुमचं बरोबर आहे, मॅडम. माझी सगळी उमर दवाखान्यांच्या वायरिंगमध्ये गेली. तिथे जिकडेतिकडे 'पाहिजे'च असतं. जिभेला तेच वळण पडलंय. भिंत उघडू नका. उद्या दुपारी येतो. जे 'चालेल' आहे ते तुमच्या मर्जीने करा. जे 'पाहिजे' आहे ते मात्र सगळं दिसलं पाहिजे मला."

"सगळं दिसेल," ग्वेन ऐटीत म्हणाली आणि घरी जाताना गाडीत मोठमोठ्याने गात गेली. भिंत वाचली होती.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये नुसती धांदल होती. मेरिबेथ, ग्वेनची शाळेपासूनची मैत्रीण आणि गावच्या प्रत्येक पंगतीची मुख्य आचारीण, स्वयंपाकघरात बटाट्यांची भांडी चढवत होती. बाहेर कोंबड्या कोळशावर चढल्या होत्या. ग्वेनने सुरुवातीचं सॉकेट बसवलं, मग पुढची एकेक. प्रत्येकाच्या प्लेटवर खोक्यातून आलेलं छोटं स्टिकर लावत गेली: 'अर्थिंग नाही'. हे स्टिकर लावलंच पाहिजे. त्यात 'चालेल' वगैरे काही नाही. पुष्कळ वायरमन ते खोक्यासकट केरात टाकतात. ग्वेन वर्गात अशांची सालटं काढायची.

शेवटी ती भिंतीपाशी आली. ओल्वेनची प्लेट तिने लोणच्याच्या बरणीसारखी दोन्ही हातांनी उतरवली, नवं सॉकेट बसवलं, प्लेट परत चढवली. चपखल बसली. लाल दार, काळी कडी, आईच्या कुंचल्याचा एक केस रंगात अडकून राहिलेला. ग्वेनने स्टिकर सोलून बोटावर घेतलं आणि तशीच उभी राहिली. मग तिने ते परत कागदावर चिकटवलं आणि कागद खिशात घातला. एवढ्याशा प्लेटकडे कोण बघतंय! आईच्या दारावर छापील पट्टी डकवायला तिचा हात होईना, एवढंच खरं.

दुदेक आला. त्याने हातातलं तपासणीचं यंत्र एकेका सॉकेटला लावलं. सुरुवातीच्या सॉकेटचं बटण दाबलं तेव्हा खट् करून सगळी बंद पडली आणि स्वयंपाकघरातून मेरिबेथ ओरडली, "कोण मेलं ते? माझी कॉफी!"

"उत्तम," दुदेक म्हणाला आणि बटण पूर्ववत केलं. त्याने हे एवढ्या समाधानाने म्हटलं की ग्वेनला तो आवडायला लागला. मग तो मागच्या भिंतीपाशी गेला आणि थांबला. आज त्याने भिंत खरोखर पाहिली. पाट्या वाचत वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. 'टोपी खाते'पाशी त्याने आपली टोपी काढून काखेत धरली. लाल गोठ्यापाशी येऊन वाकला, यंत्र लावलं, दिवे बघितले.

"इथलं स्टिकर?"

"ती प्लेट माझ्या आईने रंगवलीय."

"दिसतंय. फार सुंदर आहे."

"बाकी सगळीकडे लावलंय."

"तेही दिसतंय."

ग्वेनचा आवाज एकदम लहान झाला. "एक सोडा ना, दुदेकसाहेब. या एकाने काय होणारे?"

दुदेकने खिशातून पुस्तक काढायला हात घातला. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही कालचा वचपा काढल्याचा भाव नव्हता, उलट तो अवघडला होता.

"नको काढू," ग्वेन म्हणाली. घाईत तिच्या तोंडून अरेतुरे निघालं. "पाठ आहे मला."

"काय लिहिलंय?"

"लावलं पाहिजे."

स्वयंपाकघराच्या दारात मेरिबेथ डाव घेऊन उभी होती. तिचा मुलगा ग्वेनच्याच वर्गात शिकला होता. "ग्वेन," तिने विचारलं, "ही टर्की आहे का सॉस?"

ग्वेन कानापर्यंत लाल झाली. असं तोंडावर पडायची तिला सवय नव्हती. दुदेकनेच तिची सुटका करायचा प्रयत्न केला. "एक वाट आहे. इथे दोन भोकांचं बसवा. त्याला स्टिकर लागत नाही. यादीत पहिलंच आहे ते. चालेल."

हे आपल्याला कसं सुचलं नाही! ग्वेनने हात गाडीच्या किल्लीकडे नेला आणि मग तिला बँडचा फिडलवाला एल्बर्ट आठवला. बँड याच सॉकेटवर ध्वनिक्षेपक लावतो. दोन भोकं दिसली की एल्बर्ट पक्कड काढणार आणि प्लगचा तिसरा पाय मोडून टाकणार. तीन ठिकाणी मोडलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. नियमात बसेल, पण ठीक होणार नाही, हे तिला कळत होतं. आणि तरी आईच्या दारावर ते स्टिकर! तिला रडू यायच्या बेतात होतं. भिंत वाचवायला ती सगळ्या पंगतीसमोर भांडली होती आणि आता बोटभर कागदापाशी अडली होती.

इतक्यात एमरिस काठी टेकत आला. अंगात निळा सूट, गळ्यात ओल्वेनने विणलेला टाय. "काय झालंय? कुणी मेलंय का माझ्या वाढदिवसाला?"

ग्वेनने सांगितलं. तीन भोकं असली की माणूस समजतो तिसरी तार आत आहे. ती नाही, हे बाहेर लिहायला पाहिजे. पण दार आईचं आहे.

एमरिसने भिंतीला हात टेकला आणि डेलियाच्या पाटीवर बोट ठेवलं. "ही पाटी का लागली, माहितीये का तुला?"

"लाथ मारायची म्हणून."

"लाथा सगळ्याच मारायच्या. ही नवी आणली तेव्हा तुझी आई म्हणाली, इतक्या देखण्या गाईवर असलं काही लिहायला माझा हात होत नाही. नुसतं नाव लिहिलं, खाली वेलबुट्टी काढली. दुसऱ्या दिवशी नवा गडी आला, बिचारा विसाचाही नसेल. देखणी गाय बघून कुरवाळायला गेला तो बरगडी मोडून घेतली. तुझी आई रात्रभर रडली. सकाळी स्वतः वेलबुट्टी खरवडली आणि हे लिहिलं. मला म्हणाली, एमरिस, मारकुट्या तोंडाच्या गाईजवळ कुणी जात नाही. देखणीलाच पाटी आधी पाहिजे."

बटाट्यांचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"तू आईचं दार जपतेस, पोरी," एमरिस म्हणाला, "पण तुझ्या आईने दार जपलं नसतं. दाराशी येणारा जपला असता."

ग्वेनने खिशातून कागद काढला. स्टिकर नखाने सोललं. तिने ते कडीच्या बरोबर खाली, डेलियाच्या पाटीच्या रेषेत, अगदी सरळ लावलं आणि अंगठ्याने दाबून ठेवलं, जरुरीपेक्षा बराच वेळ. एक पाटी आईची, एक तिची. शेजारीशेजारी वाईट दिसत नव्हत्या. तिला आईची इतकी आठवण आली की तिने तिथेच, इन्स्पेक्टरसमोर, डोळे पुसले.

दुदेकने नाकावर रुमाल धरला होता. "पास," तो रुमालातूनच म्हणाला, आणि कागदावर सही करून टोपी घालायला लागला.

"निघालात कुठे?" मेरिबेथ म्हणाली. "बटाटे कोण खाणार?"

"मी ड्यूटीवर आहे. थांबलंच पाहिजे असं नाही."

"चालेल मात्र!" स्वयंपाकघरातल्या तिघी-चौघी एकदम ओरडल्या. दुदेकने टोपी परत काढली.

संध्याकाळी हॉल इतका भरला की कोट खुर्च्यांवर नव्हे, खिडक्यांत ठेवावे लागले. दुदेकने तीनदा बटाटे घेतले आणि कोशिंबीर दोनदा. एल्बर्टने डेलियाच्या दारात प्लग लावला, वाकून स्टिकर वाचलं, "बरं सांगितलंत," म्हणाला आणि पक्कड खिशातच राहू दिली. फिडल सुरू झालं. सगळ्यांचे डोळे एमरिसकडे. तो खुर्चीतून हलेना.

"बाबा, नाचायचं ना?"

"नाचलंच पाहिजे का?"

ग्वेनने श्वास घेतला. हा प्रश्न तिच्या घरचाच होता. "नाही बाबा. पाहिजे असं काही नाही. चालेल."

"मग नाचतो," एमरिसने काठी दुदेकच्या हातात दिली. "पाहिजेच म्हणाली असतीस तर बसून राहिलो असतो. नव्वद वर्षं गाईंनी पाचला उठवलंय मला. 'पाहिजे' पुष्कळ झालं."

तो उठला आणि ग्वेनचा हात धरला. पहिली काही पावलं चाचपडत पडली, मग गुडघ्यांना जुनी चाल सापडली. मेरिबेथ डावाने ताल धरत होती. कुणीतरी शिट्टी मारली. ग्वेनला वाटलं, आता बाबा दमतील, आता बसतील. पण एमरिस तिला घेऊन सगळा हॉल फिरत गेला, कॉफीच्या टेबलावरून, बँडपुढून, मागच्या भिंतीकडे. लाल गोठा जवळ आला तशी त्याची पकड घट्ट झाली आणि त्याने ग्वेनला अलगद दुसऱ्या बाजूला घेतलं.

"इथून जपून," तो तिच्या कानात म्हणाला.